कुंदाचं 'पारंपरिक' गाणं

कुंदा,

परवा तुझ्या शोकसभेत त्यांनी कॅसेट लावली.

मंडळाच्या हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो, फोटोला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती आणि उदबत्तीशेजारी टेपरेकॉर्डर. मंडळाचे अध्यक्ष कदम उठले. दर गणपतीत त्यांनी आपला लेडीज ऑर्केस्ट्रा बोलावला आणि दर गणपतीत माइकवरून तुला पेंडूरकरची पेडणेकर केली. परवाही केली. मग घसा खाकरून म्हणाले, "कुंदाताईंचं सगळ्यात आवडतं गाणं आपण ऐकू या. हीच त्यांना श्रद्धांजली." आणि बटण दाबलं. 'ये गं वरती, भात निवला' सुरू झालं. त्या बाईंच्या आवाजात.

त्या बाईंचं नाव आपण दोघींनी कधी घेतलं नाही. 'त्या बाई' म्हटलं की कळायचं. आजही घेत नाही. त्यांचा तसा काही दोष नाही. त्यांना बोलावलं, त्या आल्या, गायल्या, गाडीत बसून गेल्या.

तू असतीस तर तोंडात पदर कोंबून हसली असतीस. "विजू, बघ गं, मेल्यावरपण माझ्या जागी त्याच!" असं काहीतरी बोलून मला कोपर मारलं असतंस. मला हसू आलं नाही. मी सतरंजीवर बसले होते आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की आता तरी उठायचं आणि सांगायचं. आपलं एवढ्या वर्षांचं भांडण त्यावरच तर होतं. मी म्हणायचे, सांग. तू म्हणायचीस, नको. आता मला अडवायला तू नव्हतीस.

उठले की नाही, ते पुढे येईलच. हे छापून येणार आहे, आणि वाचणाऱ्याला आधीचं काही ठाऊक नसणार, म्हणून तुला माहीत असलेलंच आधी सरळ लिहून टाकते. ज्या गाण्यावर वराती नाचतात, जे बँडवाल्यांना सांगावंसुद्धा लागत नाही, ज्याने एक सामान्य सिनेमा चालवला, ते गाणं तू केलंस. शब्द तुझे, चाल तुझी. कॅसेटच्या कव्हरवर त्या गाण्यापुढे गीतकार म्हणून छापलंय 'पारंपरिक', आणि संगीतकार म्हणून दुसऱ्याचंच नाव. ती परंपरा कुठली, तेही मला माहीत आहे. घाटकोपरला हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारी माझी आई, ती ही परंपरा. गाणं छापलं तेव्हा परंपरा ठणठणीत होती, रोज भाजी आणायला स्वतः खाली उतरत होती.

आईची हाक तुला माझ्याइतकीच पाठ होती. तू आमच्या खालच्याच खोलीत वाढलीस. आई गॅलरीत यायची, कठड्यावरून वाकून 'ये गं वरतीऽऽ' एवढं जोरात खाली फेकायची, आणि 'भात निवला' म्हणताना तिला आत तापत ठेवलेलं दूध आठवायचं. म्हणता म्हणताच ती आत वळायची. त्यामुळे हाकेचा पहिला भाग सगळ्या मैदानाला ऐकू जायचा आणि दुसरा घरातल्या भिंतींना. आधी मला, नंतर माझ्या मुलांना, तिने अशीच हाक मारली. अख्ख्या बिल्डिंगने ती ऐकली. त्यात गाणं आहे हे फक्त तुला ऐकू आलं.

एका रविवारी दुपारी मी कार्यक्रमाच्या साड्यांना इस्त्री करत होते. साड्या, टेम्पो, माइकवाला, मंडळवाल्यांशी हुज्जत, हे सगळं माझं खातं, गाणं तुझं. तू गिटार घेऊन वर आलीस. पट्टा तुटला होता, म्हणून जुन्या साडीचा काठ गिटारला बांधला होतास. "ऐक," म्हणालीस, आणि गायलीस:

ये गं वरती, भात निवला,
कोण तो खाली, कशाला थांबला?

पोरगी खाली कुणाशी तरी बोलत उभी आहे, वरून आईच्या हाका चालू आहेत, आणि ही आईचीच नक्कल करून त्या पोराला हसवते आहे. गाणं एवढंच. पण 'निवला' म्हणताना तू मान वळवलीस आणि आवाज तुझ्यामागे आत गेला. मी इस्त्री उभी करून ठेवली. नाहीतर साडी गेली असती.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. "माझी नक्कल करतेस होय गं, भवाने?"

"नक्कल नाही आई, गाणं केलंय तुमच्यावर."

"माझ्यावर? मग नीट कर. मी उगाच नाही वळत. दूध उतू जात असतं म्हणून वळते. तुझं दूध कुठाय?"

तू परत गायलीस. या वेळी वळताना तुझ्या आवाजात घाई आली. आई म्हणाली, "हां. आता वाचलं दूध." आणि आत गेली. तुला एवढी खरी दाद पुन्हा कधी मिळाल्याचं मला आठवत नाही.

तू गिटार शिकलीस गोराईला. होडीने खाडी ओलांडून अंतोनकाकांकडे जायचीस. लग्नात वाजवणारा माणूस, हाताला माशांचा वास, पण बोटं सोन्याची, असं तूच सांगायचीस. मी एकदा तुझ्याबरोबर तिथल्या लग्नाला आले होते. अंगणात बायका गात होत्या, एकीने एक ओळ म्हटली की दुसरी तिला आपली ओळ जोडत होती. तू त्यांच्यात बसून तुझं एक नवंकोरं गाणं म्हटलंस. त्यांनी लगेच उचललं, आपले शब्द घातले, नवऱ्याच्या आईची त्यात यथेच्छ चेष्टा केली आणि तुझं गाणं त्यांचं होऊन गेलं. तू किती खूश होतीस. परत येताना होडीत म्हणालीस, "विजू, इथे कुणी विचारत नाही गं कुणाचं गाणं. आवडलं की गातात." त्या दिवशी मलाही ते छान वाटलं होतं. पुढे तेच तुझ्या अंगाशी आलं. गोराईच्या अंगणात जे चालतं ते अंधेरीच्या स्टुडिओत चालत नाही. तिथे कुणी विचारलं नाही, तर उचलणाऱ्याचं नाव लागतं.

सफारीवाले (तू त्यांना हेच नाव ठेवलं होतंस, कारण भर मे महिन्यातही त्यांचा सफारी सूट उतरत नसे) आपल्या कार्यक्रमाला अंधेरीच्या एका सोसायटीत आले होते. संगीतकार म्हणून त्यांचे दोन-तीन सिनेमे झाले होते. 'भात निवला'ला पब्लिकने तीनदा वन्स मोअर दिला, हे त्यांनी बघितलं. कार्यक्रमानंतर मागे आले. "बाई, हे कुठलं हो?"

तू म्हणायला हवं होतंस, माझं. दोन अक्षरं. तू काय म्हणालीस? "हाक माझी नाही हो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आई आहेत ना, त्यांची आहे. मी आपलं पुढे जोडलं."

त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे लोकसंगीतच की!"

मी वायरी गुंडाळत शेजारीच उभी होते. तेव्हा मलाही कळलं नाही की हा माणूस आत्ता आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी खिशात टाकतोय. आपण दोघी चढाओढीने त्यांना चहा पाजत होतो.

सिनेमावाल्यांची एक पद्धत असते. मोठ्या गायिकेची तारीख मिळेपर्यंत शूटिंग थांबत नाही. आधी कुणाकडून तरी गाऊन घेतात, त्यावर नटी ओठ हलवते, मग मोठ्या बाई सवडीने येतात आणि आधीचा आवाज काढून त्यांचा घालतात. तुला बोलावलं ते यासाठी. तुला ते सांगितलंही होतं, पण तू ऐकलंस ते एवढंच, की गाणं सिनेमात येणार. स्टुडिओत 'निवला'ला तू मान वळवलीस, तर काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला ओरडला, "मॅडम, माइक छोडके किधर जा रहे हो?"

तू म्हणालीस, "दूध देखने."

सगळे हसले. मीही हसले. तुझ्यावर इतकी माणसं एकदम खूश झालेली मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला वाटलं, लागली गाडी मार्गाला.

मग कॅसेट आली. पहिल्यांदा ऐकली ती स्टेशनबाहेरच्या दुकानात, रस्त्यात उभं राहून. त्या बाई गोड गायल्या होत्या, खोटं कशाला बोला. पण 'निवला'वर त्यांनी छानशी हरकत घेतली होती, तीन पायऱ्या उतरून पुन्हा वर चढणारी, आणि मागे घुमारा सोडला होता. दूध आरामात उतू गेलं. तू कव्हर उलटसुलट करून बघितलंस आणि म्हणालीस, "पारंपरिक." एवढंच. जसं काही रस्त्याचं नाव वाचते आहेस.

तुला ओढत मी सफारीवाल्यांच्या ऑफिसात नेलं. ते संभाषण मी जन्मात विसरणार नाही.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, हाक तुमची नाही?"

मी म्हटलं, "हाक नाही, पण गाणं तिचं आहे."

"बाई, त्या गाण्यातून हाक काढली तर उरतं काय?"

मी तुझ्याकडे बघत होते. आता बोल. गिटार घेऊन बसलीस आणि चार कडवी लिहिलीस ते बोल. तो पोरगा खाली का थांबलाय, ते कुणी सुचवलं ते बोल. तू टेबलावरच्या काचेखालचे फोटो बघत होतीस. सफारीवाले समजुतीच्या सुरात म्हणाले, "कुंदाबाई, आवाज चांगला आहे तुमचा. कोरसला येत जा. मी सांगून ठेवतो."

आणि तू गेलीस! त्याच माणसाकडे, त्या बाईंच्या मागे, रांगेत उभं राहून 'आऽऽ' करायला. मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं ते तेव्हा. तू वर यायचीस, आईशी गप्पा मारायचीस, मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "आई, तुमच्या विजूला सांगा, कोरसमध्ये एसी असतो." तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला हसू फुटलं. पण राग गेला नव्हता. अजून गेलेला नाही.

सिनेमा आपण मैदानापलीकडच्या थिएटरला बघितला. आईला घेऊन गेलो होतो. गाणं लागलं, शिट्ट्या सुरू झाल्या. आणि मग ते दिसलं. नटीने तुझ्या आवाजावर ओठ हलवले होते ना, तर 'निवला' येताच तिने मान वळवली. तुझा आवाज आत जाताना तिने ऐकला होता, म्हणून ती वळली. पण आवाज आता त्या बाईंचा होता, तो समोरच उभा राहिला. मान वळली, आवाज वळला नाही. थिएटरात एवढी माणसं, कुणाला काही खटकलं नाही. तू माझा हात घट्ट दाबलास. त्या सगळ्या सिनेमात तुझं म्हणून तेवढंच शिल्लक राहिलं होतं, एका परक्या बाईची वळलेली मान.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्या पोरीला कळत होतं की दूध आहे. गाणारणीला नव्हतं कळत."

नंतर बिल्डिंगमध्ये नवाच त्रास सुरू झाला. आई गॅलरीत येऊन हाक मारायची आणि खालची पोरं टाळ्या पिटायची, "आजी सिनेमातलं गाणं म्हणतात!" आई कठड्यावरून ओरडायची, "मेल्यांनो, सिनेमा माझं म्हणतोय!" तेही पोरांना विनोदीच वाटायचं.

आपला ऑर्केस्ट्रा मात्र जोरात चालला. आता 'भात निवला'शिवाय कार्यक्रम संपायचा नाही. तू गायचीस, तुझ्या पद्धतीने, मान वळवून. लोक मागे येऊन म्हणायचे, "काय आवाज आहे हो! डिट्टो कॅसेट!" तू हात जोडायचीस. एकदा मुलुंडला एका गृहस्थांनी तुला प्रेमाने समजावलं, "बाकी हुबेहूब आहे, फक्त शेवटी ती हरकत राहून जाते तुमची. थोडी प्रॅक्टिस करा, जमेल." तू म्हणालीस, "करते हं काका." मी त्यांच्या हातातून आपला चहाचा कप काढून घेतला.

याच काळात तू एकामागून एक गाणी करत होतीस. पाण्याच्या टाकीवरचं केलंस, कांदिवलीच्या तुझ्या मावशीच्या चष्म्यावरचं केलंस. ते दुसरं तर मला 'भात निवला'पेक्षा आवडायचं. कार्यक्रमात तू एखादं घालायचीस, आणि पब्लिक त्या वेळात बटाटेवडे खायला उठायचं. मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ ताई, भात!" एका कॅसेट कंपनीत आपण गेलो, तर तिथल्या माणसाने तुझी दोन गाणी ऐकली आणि म्हणाला, "आवाज चांगला आहे, पण त्या 'भात निवला'वाल्या बाईंची कॉपी वाटते." जिन्यात तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. आपण दोघी पायरीवर बसून हसलो. त्यानंतर नवं गाणं ऐकल्याचं मला आठवत नाही.

आता पवईचं लिहिते. त्यावरून आपलं जे वाजलं ते कधी मिटलंच नाही.

इंजिनिअर होणाऱ्या मुलांचं कॉलेज, मोकळं मैदान, मागे तलाव. मुलांनी आधी हुर्यो केली. बायकांचा ऑर्केस्ट्रा त्यांना चेष्टेचा वाटला. कीबोर्डवाली रडकुंडीला आली. तू तिला बसवलंस, सगळी वाद्यं बंद करायला लावलीस, आणि एकटी गिटार घेऊन पुढे गेलीस. 'भात निवला' इतक्या हळू मी कधी ऐकलं नव्हतं. ती पोरं घरापासून लांब राहणारी, मेसचं खाणारी. चिडीचूप झाली. 'निवला'ला तू वळलीस, आवाज मागे कुठेतरी गेला, आणि कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही, इतकं त्यांना ते लागलं होतं. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलाने उभं राहून विचारलं, "मॅडम, ये ओरिजिनल किसका है?"

कुंदा, तो चेष्टा करत नव्हता. त्याला कळलं होतं. कॅसेट ऐकलेल्या त्या पोराला फरक कळला होता आणि तो विचारत होता. सगळं मैदान ऐकायला तयार होतं. तू माइकजवळ वाकलीस आणि म्हणालीस, "ट्रॅडिशनल है."

टेम्पोत सामान चढवताना मी तुझा दंड धरला. "का? आज का नाही बोललीस?"

"सोड ना यार, विजू. गाणं म्हणजे काय रेशनकार्ड आहे, नाव घालायला?"

"हो, आहे! नाव नसेल तर साखर मिळत नाही!"

तू गिटार केसमध्ये ठेवलीस. सावकाश. मग म्हणालीस, "माझं आहे म्हटलं, तर तो पोरगा पुढचं विचारणार. मग तुम्ही इथे काय करताय? काय सांगू त्याला? आता तो झकास गाणं ऐकून गेला. मग तो कीव करून गेला असता. मला गाऊ दे गं. कीव नको."

मी म्हटलं, हा भित्रेपणा आहे. तू म्हणालीस, "असेल." यापुढे आपण तो विषय काढला की इथवरच यायचो आणि थांबायचो. माझं म्हणणं, लोकांना सांगितलं तर लोक मानतात. तुझं म्हणणं, नाही मानत, आणि मानलं तर त्याहून वाईट.

काविळीने तू आडवी झालीस तेव्हासुद्धा मी सोडलं नाही. डोळे हळदीसारखे झाले होते, बोलवत नव्हतं. मी म्हटलं, "बरी झालीस की एक कार्यक्रम फक्त तुझ्या गाण्यांचा करू. पडदा उघडताना मी सांगणार." तू म्हणालीस, "त्यापेक्षा नवी मुलगी बघून ठेव. अंधेरीच्या तारखा दिल्या आहेत. तिला 'भात निवला' येतंय ना, एवढं बघ. पब्लिक सोडत नाही." मी चिडून बाहेर गेले, तुझ्यासाठी उसाचा रस आणायला. तुझं गाणं कुणाचं आहे यावर मी इतकं बोलले, पण ते मला किती आवडतं हे बोलायचं राहिलं. इस्त्री उभी केली होती, त्यावरून तू ओळखलं असशील.

तर शोकसभा.

कॅसेट चालू होती. लोक मान डोलवत होते, दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. आईला आता कमी ऐकू येतं, म्हणून तिला पुढे खुर्ची दिली होती. 'निवला'वरची हरकत आली आणि आई मोठ्याने म्हणाली, "ही कोण?"

मी म्हटलं, "आई, थांब जरा."

"ए कदमा, बंद कर ते. ही आमची कुंदी नाही. कुंदीचं लाव."

कदम वाकून म्हणाले, "आजी, त्यांचंच आवडतं गाणं आहे."

"आवडतं नको मला. तिचं लाव."

कदमांनी बटण दाबून बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. "विजयाताई, तुमच्याकडे असेल ना एखादी कॅसेट? त्यांच्या आवाजातली?"

नव्हती. कशी असणार? तू खालच्या खोलीत राहायचीस. पाहिजे तेव्हा कठड्यावरून हाक मारली की वर येऊन गायचीस. रोजचं कोण टेप करून ठेवतं? स्टुडिओतला आवाज त्यांनी पुसला. कार्यक्रमातलं कुणी धरून ठेवलं नाही, कारण ज्याच्या त्याच्या घरी कॅसेट होती. कुंदा पेंडूरकर नावाच्या गायिकेच्या शोकसभेत लावायला तिचं एकही गाणं नव्हतं.

तेव्हा मी उठले आणि सांगितलं. सगळं सांगितलं. हाक, गाणं, स्टुडिओ, सफारीवाले, 'पारंपरिक'. रडले नाही, आवाज चढवला नाही, जेवढं घडलं तेवढंच सांगितलं. मी किती वर्षं त्या क्षणाची तयारी केली होती, तुला माहीत आहे.

माझं झाल्यावर मागून एक बाई म्हणाल्या, "असेल हो. सुरुवातीला सगळ्यांचाच थोडाफार हात लागतो." दुसरी म्हणाली, "कोरसमध्ये होत्या ना त्या? तेच म्हणत असतील." कदम म्हणाले, "ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो." आणि मग खिडकीजवळचा एक शहाणासुरता माणूस, अगदी सहज, वाईट हेतूने नाही, म्हणाला, "पण एवढं मोठं गाणं त्यांचं होतं, तर त्या आपल्या मंडळात कशाला गात होत्या?"

पवईचा पुढचा प्रश्न. तू म्हणाली होतीस तोच.

जिंकलीस. घे. लोकांना सांगितलं आणि लोकांनी मानलं नाही, आणि ज्या एक-दोघांनी मानलं त्यांच्या तोंडावर तीच कीव होती, जी तुला नको होती. तू हे टेम्पोत उभी राहून मला सांगितलं होतंस आणि मी तुला भित्री म्हटलं होतं. हे छापून आल्यावरही हेच होणार. तरी छापते आहे. हरले म्हणून गप्प बसायची सवय मला नाही, ती तुझी होती.

आज सकाळी नवी मुलगी आली. वैशाली, कांदिवलीची. आवाज पातळ आहे, पण सुरात आहे, आणि वेळेवर आली हे विशेष. आमच्याच खोलीत तालीम ठेवली. मी म्हटलं, भात निवला म्हण. तिने म्हटलं. शेवटी हरकत घेतली, तीन पायऱ्या खाली, पुन्हा वर.

"थांब. ते नको घेऊस."

"ताई, कॅसेटमध्ये असंच आहे."

"कॅसेट चुकली आहे."

ती गोंधळली. "असं कसं? एवढ्या मोठ्या बाई गायल्यात."

"मोठ्या बाईंनी दूध तापत ठेवलेलं नव्हतं. हे गाणं कुंदा पेंडूरकरने केलंय. म्हण, कुंदा पेंडूरकर."

"कुंदा पेडणेकर."

"पेंडूरकर!"

"पेंडूरकर."

"प्रत्येक कार्यक्रमात गाण्याआधी हे म्हणायचं. लोक काही विचारतील, तर माझ्याकडे पाठव. म्हणायचं नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरी मुलगी बघते."

म्हणते, म्हणाली. तू नको म्हणशील. म्हण. यापुढे मी तुझं ऐकणार नाही.

मग तिला कठड्याशी उभं केलं. 'वरती'पर्यंत खाली मैदानाकडे बघायचं, 'निवला'ला आत वळायचं. पहिल्यांदा ती आवाजाच्या आधीच वळली. दुसऱ्यांदा वळली, पण नुसती, कवायत केल्यासारखी. मी म्हटलं, "अगं, दूध उतू जातंय तुझं! जीव घाबरायला पाहिजे!" तिने पदर खोचला आणि परत सुरुवात केली. ये गं वरतीऽऽ. खाली दोन पोरांनी वर बघितलं. भात नि— आणि वळली, घाईने, आणि राहिलेला आवाज तिच्याबरोबर घरात शिरला.

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "हो, हो! गॅस बंद केलाय गं!"